दिवा लागला का, काकू?

भाद्रपद लागला की कोलकात्यातल्या वस्तूंवर माझा विश्वास उरत नाही. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो. काडी ओढली तर नुसती लाल रेघ उमटते आणि गुल गळून पडतो. कपाटातल्या चपलांवर हिरवट बुरशी धरते, पापड हातात घेतला तर कापडासारखा लवतो. इथले लोक या दिवसांना ‘पोचा भाद्र’ म्हणतात, म्हणजे कुजका भाद्रपद; त्यांचा भाद्र ऑगस्टच्या मध्यालाच लागतो, कधी कधी आपल्या गणपतीच्या महिनाभर आधी. पाऊस नसला तरी हवा ओलीच असते, आणि त्या ओलीत कुठली वस्तू कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

आज सकाळी माझ्या इअरफोनची डबी चार्जिंगला लावली आणि दिवा लागला नाही. पुसली, फुंकर मारली, वायर काढून पुन्हा खोचली. मग लागला. तरी मी त्या इवल्याशा दिव्याकडे बघत उभीच राहिले. खरंच लागलाय, की मला लागायला हवाय म्हणून दिसतोय? आणि मला इंदूकाकूंचं सॉल्ट लेकमधलं घर आठवलं, त्यांचा तो काळा प्लेअर आठवला, आणि ज्या भाद्रपदात त्या घरातल्या आम्ही तिघी एकमेकींवर डोळा ठेवून होतो तो अख्खा महिना अंगाला चिकटल्यासारखा परत आला.

मी तेव्हा सेक्टर फाइव्हमधल्या नोकरीसाठी पुण्याहून नुकतीच आले होते. मूळची सांगलीची, बंगालीतलं एक अक्षर येत नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात श्रीपाद नावाचे माझे सीनियर होते. बदलीचं कळल्यावर ते म्हणाले, “माझी मावशी असते तिथे. एकटी. एक खोली रिकामी आहे तिच्याकडे. तुला घरचं जेवण, तिला सोबत.” निघताना त्यांनी मावशीसाठी एक छोटा खोका दिला. त्यात नवा चार्जर होता, वायरसकट. “तिच्या प्लेअरला होईल, जुना खराब झालाय,” म्हणाले.

त्या मावशी म्हणजे इंदूकाकू. जन्म बागबाजारचा, आयुष्य इथल्या एका शाळेत गणित शिकवण्यात गेलेलं. उंच, ताठ, कडक इस्त्रीची सुती, बंगाली तांताची साडी. दार उघडून त्या माझ्याकडे न बघता माझ्या आवाजाच्या रोखाने बघत राहिल्या, असं मी आज म्हणते. तेव्हा मला ती जरब वाटली.

“श्रीपादने पाठवलंय ना तुला?”

“हो काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये काहीतरी होतं. मग हसून म्हणाल्या, “आम्ही राहायचो तिथूनच तो मराठ्यांचा खंदक सुरू व्हायचा. मराठे येणार म्हणून या शहराने खणला आणि मराठे आलेच नाहीत. संशयाचं काम असं असतं बघ. ये, चहा खा.” कोलकात्यात जन्मलेल्या माणसांच्या मराठीत चहा असा मधूनच खाल्ला जातो. मला हसू आलं आणि ते घर आवडून गेलं.

प्लेअर तळव्यात मावेल एवढा होता. कडांचा रंग उडालेला, दाबल्यावर टक्‌ वाजणारी खरी बटणं. श्रीपाददादा पुण्याहून कार्ड भरून पाठवत: नाट्यपदं, कीर्तनं, कथा-कादंबऱ्यांची वाचनं. दिवसभर त्या घरात कुणी ना कुणी मराठी बोलत असे. मी ऑफिसातून येईपर्यंत काकूंशी मराठीत बोलणारं तेवढंच. खालच्या रस्त्यावर बंगाली, स्वयंपाकघरात बंगाली, आणि हॉलमधल्या आरामखुर्चीत एक अनोळखी बाई शांतपणे कुठल्यातरी गावातल्या लग्नाची हकिकत वाचते आहे. ते ऐकत काकू शेंगा सोलत. एकदा मी म्हटलं, “हे सगळं फोनवरही मिळतं काकू, मी लावून देऊ?”

“फोन नको. त्या गुळगुळीत काचेवर काही हाताला लागत नाही.”

म्हातारपणाचा हट्ट, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

मी आल्यानंतर थोड्याच दिवसांत प्लेअर मध्येच बंद पडायला लागला. एखाद्या सकाळी वाचणाऱ्या बाईंचा आवाज वाक्याच्या मधोमध तुटे आणि घर एकदम रिकामं होई. काकू बटण दाबत, परत दाबत. मी मदत म्हणून चार्जिंगचं भोक बघितलं. आत कापसासारखी धूळ दाबून बसली होती. ती टूथपिकने हलकेच काढली. भाद्रपदातली ओल असेल म्हणून पंख्याखाली ठेवला, कोरड्या फडक्याने पुसला. त्यानंतर तो आणखीनच बिघडला, निदान तसं दिसलं तरी.

पहिला संशय कल्पनावर आला. कल्पना घरकामाला येई, बजबजहून लोकलने. सकाळी येऊन दिवेलागणीच्या आधी जाई. काकूंनी तिला समोर उभं करून विचारलं, मी नसताना तू हा ऐकत बसतेस का, बॅटरी कशी संपते? कल्पनाने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “मराठी आमि की बुझबो, माशिमा?” मराठी मला काय कळणार, मावशी! काकूंना हे पटलं. गणिताच्या बाई होत्या, पुरावा मानणाऱ्या.

आणि पुरावा माझ्याविरुद्ध जमत चालला. कल्पना दुपारी स्वयंपाकघरात प्लेअर चार्जिंगला लावे तेव्हा तो भरे. मी संध्याकाळी आल्यावर आठवणीने हॉलमध्ये लावून दिवा न बघताच आत जाई, तेव्हा तो सकाळी मेलेला असे. काकू स्वतः लावत तेव्हा कधी भरे, कधी नाही. एका रविवारी चहाच्या वेळी त्यांनी हे सगळं फळ्यावर मांडावं तसं मांडलं आणि शेवटी म्हणाल्या, “तुझा हात लागल्यापासून हे सुरू झालंय, मुक्ता. तू तो उघडला होतास ना?”

“उघडला नव्हता काकू. धूळ काढली फक्त.”

“बरं.”

परत तेच ‘बरं’.  परक्या शहरात एक घर मिळालं होतं आणि त्या घरात मी चोर ठरत होते. आणि चोरलं काय होतं, तर वीज! मग मीही बघायला लागले. कल्पना प्लेअर कुठे नेते, कशी ठेवते. हॉलमधल्या बोर्डाचं बटण कुणी बंद करतं का. कल्पनाही मी हॉलमध्ये गेले की हातातलं भांडं तसंच धरून दारात येई. बोर्डात ओल गेली आहे असं तिचं मत होतं. पण मत सांगताना ती माझ्याकडेच बघे.

आणखी एक होतं. श्रीपाददादांचा फोन मला अधूनमधून येई. ऑफिसचं बोलून झालं की ते विचारत, “मावशी कशी आहे? काही वेगळं वाटतं का?” मी म्हणे, छान आहेत. मग ते म्हणत, “ती पुण्याला आली तर बरं होईल. ऐकत नाही.” असा फोन चालू असला की काकूंच्या खुर्चीची करकर थांबे. त्यांना वाटे मी हेर आहे. तसं त्यांनी नंतर सरळ सांगितलं. भाच्याने आपल्या घरात माणूस पेरलं आहे आणि एकेक वस्तू बिघडवून मावशीला एकटीला जमत नाही असं सिद्ध करायचं चाललं आहे, इथपर्यंत त्या पोचल्या होत्या. आज हे वाचायला विचित्र वाटेल. पण त्या दमट दिवसांत, खिडकीबाहेर पूजेच्या मांडवांसाठी बांबूंचे भारे धडाधड उतरत असताना आणि घरात मधूनच आवाज तुटत असताना, ते इतकं विचित्र नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, हे आज तुमच्यासमोर शोधू. तुम्ही बसा, मी एकेक करून बघते. दुपारचं जेवण झालं होतं. काकू टेबलापाशी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक बसतात तशा बसल्या. कल्पना दारात.

मी ठरवलं होतं, एका वेळी एकच वस्तू बदलायची. बोर्ड तोच, चार्जर तोच. मग बोर्ड दुसरा, चार्जर तोच. मी आणलेल्या नव्या चार्जरवर प्लेअर कुठेच दिवा देईना. माझा फोन मात्र त्याच चार्जरवर लगेच भरायला लागला. म्हणजे चार्जर चांगला. मग कल्पनाची वायर आणली, तिच्या जुन्या फोनची, एका टोकाला रुंद चपटी पिन असलेली. ती तिच्या जुन्या चार्जरला जोडून प्लेअरला लावली, प्लेअर काकूंच्या समोर टेबलावर ठेवला आणि भिंतीतला प्लग लावायला टेबलाखाली वाकले. प्लग बसला. तिथूनच विचारलं, “दिवा लागला का, काकू?”

“लागला, लागला,” काकू म्हणाल्या.

माझं बोट बोर्डाच्या बटणावर होतं. बटण मी अजून दाबलंच नव्हतं.

मी तशीच टेबलाखाली राहिले. मला काकूंची पावलं दिसत होती, स्वच्छ, एकमेकांना चिकटलेली. घाईघाईत दिलेलं उत्तर बरोबर आलं की चूक याची वाट बघणाऱ्या माणसाची पावलं. मग मी बटण दाबलं. वर येऊन पाहिलं तर प्लेअरच्या कडेला लाल दिवा लागला होता.

“हो, लागलाय,” मी म्हटलं.

चूक कुणाचीच नव्हती, वायरीची होती. श्रीपाददादांनी पाठवलेल्या चार्जरची वायर दोन्ही टोकांना सारखी, अंड्याच्या आकाराच्या पिनेची. असा नवा चार्जर समोरच्या यंत्राने ओळख पटवल्याशिवाय वीज सोडतच नाही, आणि या जुन्या स्वस्त प्लेअरला ती ओळख द्यायची कशी हेच ठाऊक नव्हतं. कल्पनाची जुनी वायर काही न विचारता वीज देत होती. प्लेअरमध्ये जाणारं टोक दोन्ही वायरींचं एकसारखं. कल्पनाची वायर चार्जरसकट कधी कधी हॉलच्या टेबलावरच राही. काकूंच्या हाताला जी लागे ती त्या लावत. म्हणून कधी भरे, कधी नाही. मी हे सगळं समजावून सांगितलं. कल्पना खूश होऊन आत गेली. काकू म्हणाल्या, “म्हणजे श्रीपादचाच चार्जर,” आणि विषय मिटला असं दाखवलं.

माझ्यासाठी तो तिथे सुरू झाला. त्या दुपारनंतर मी काकूंना निराळ्या नजरेने बघायला लागले आणि जे आधी मला शिस्त वाटलं होतं ते सगळं उलटं होऊन दिसायला लागलं. कप भरताना त्यांचं बोट कपाच्या आत असे. पेपर उघडून त्या बसत, पण पान उलटत नसत. कोथिंबीर की पुदिना ते नाकाशी धरून ठरत असे. घरातली एकही खुर्ची कुणी जागेवरून हलवलेली त्यांना चालत नसे. नजर समोर थोडी होती. कडेचं सगळं गेलं होतं. आणि फोन नको, बटणंच हवीत, हा हट्ट नव्हताच.

सांगावं कसं? मी एक काम केलं. चालणाऱ्या वायरीच्या टोकाला जाड दोरा गुंडाळून गाठ मारली, बोटाला लागेल अशी. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर काकू ती वायर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“हा दोरा कुणी बांधला?”

“मी.”

“कशाला?”

“अंधारात पटकन सापडावी म्हणून.”

खाली कुणीतरी बांबूवर हातोडा मारत होतं. 

“इथे हल्ली लाइट जात नाही, मुक्ता.”

“नाही जात, काकू.”

त्यांनी दोऱ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवला. “श्रीपादला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगणार?”

“मी होऊन नाही सांगणार. पण त्यांनी सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

नंतरचे दिवस सगळ्यात वाईट गेले. आधीचा संशय निदान प्लेअरवरून होता, आता तो माझ्यावर होता, आणि त्याला कारणही होतं. घरात बोलणं जेवणापुरतं उरलं. प्लेअर त्या आपल्या खोलीत घेऊन गेल्या. एका संध्याकाळी मी खिडकीशी उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. आई तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल विचारत होती, करू की नको. मी म्हणत होते, “डोळ्यांचं आहे, लपवून काय होणार, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.” मागे वळले तर काकू दारात, एक हात चौकटीवर.

“दे तो फोन,” त्या म्हणाल्या. “मी बोलते त्याच्याशी.”

मला एक क्षण कळेना. मग कळलं आणि मी काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. काकू ताठ होऊन म्हणाल्या, “हे बघ श्रीपाद...” आणि थांबल्या. पलीकडून माझी आई गोंधळून बोलत होती: कोण बोलतंय, मुक्ता कुठंय, बरी आहे ना? काकूंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या कधी नव्हे ते जी जवळ होती त्याच खुर्चीवर बसल्या आणि आईशी बोलायला लागल्या. आधी माफी मागितली. मग आईनेच डोळ्यांचं काढलं असावं, कारण काकू म्हणाल्या, “भीती वाटते हो. ऑपरेशनची नाही. जे कळेल त्याची.” त्या दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत राहिले.

फोन परत देताना काकू म्हणाल्या, “तुझी आई करून घेते म्हणाली ऑपरेशन. मला घेऊन जाशील डॉक्टरकडे?”

मी सुट्टी काढली. इतके दिवस रस्त्यावर त्या माझ्यापुढे दोन पावलं चालत. त्या दिवशी फाटकातून बाहेर पडल्यावर त्यांनी माझं कोपर धरलं. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत काशाच्या उंच गवताचे तुरे पांढरे व्हायला लागले होते. मी म्हटलं, “काश फुललाय काकू.” त्या म्हणाल्या, “कुठल्या बाजूला?” हा प्रश्न त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच विचारला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बराच पुढे गेलेला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली राखायची असेल तर रोज थेंब, न चुकता. थोडं आधी आला असतात तर, असं ते म्हणायला लागले तेव्हा काकूंनी हात वर करून थांबवलं. “जे हातात आहे ते सांगा.” परत येताना आम्ही रिक्षा केली. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, “मी तुला काय काय समजत होते, माहीत आहे?” आणि हेर, चार्जर, पेरलेलं माणूस, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांना हसू फुटलं आणि मलाही. रिक्षावाला मागे वळून बघायला लागला.

गणपतीला श्रीपाददादा आले. गणपती त्या घरात छोटासाच बसे. कल्पनाने त्या दिवसांत मिळणाऱ्या ताडाच्या पिकल्या फळांचे गोड वडे तळले होते, आणि मोदकांशेजारी तेही नैवेद्याला. आरती झाली, पानं वाढली. दादा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “मुक्ता, मावशी ठीक आहे ना? खरं सांग.”

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पाण्याचं भांडं चाचपून नीट खाली ठेवलं.

“तिला नको विचारूस. मला दिसत नाही नीट. काचबिंदू आहे. थेंब घालते. आता बोल.”

दादांचा हात ताटातच राहिला. कधीपासून, म्हणाले. बरेच दिवस. सांगितलं का नाहीस? काकू म्हणाल्या, “कारण तू जे आता बोलणार आहेस तेच बोलला असतास.”

आणि ते तेच बोलले. “मग आता तरी चल पुण्याला. इथे एकटी कशी राहणार?”

“पुण्याला काय दिसणार आहे मला?” काकूंचा आवाज चढला नाही. “इथे मला न बघता सगळं माहीत आहे, श्रीपाद. पुण्याला नेलंस तर मी खरंच आंधळी होईन.”

 दादांचे डोळे भरून आले होते. त्यांना ते काकूंपासून लपवायची गरज नव्हती, तरी त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बाजारात निघाल्या. दादा हट्टाने बरोबर, हात धरून. मी पिशवी घेऊन मागे. मावशीला सांभाळून न्यायचं म्हणून त्यांचं सगळं लक्ष तिच्या पायांकडे. सॉल्ट लेकचे फुटपाथ झाडांच्या मुळांनी जागोजागी उचलले गेले आहेत. गुलमोहरापाशी आल्यावर काकूंनी बोलता बोलता साडीच्या निऱ्या किंचित उचलल्या आणि पाऊल उंच टाकून पलीकडे गेल्या. दादा मात्र त्या उचललेल्या लादीला ठेचकाळले, तोल गेला, आणि पडायच्या आत काकूंनीच त्यांचा दंड घट्ट पकडला.

“जपून,” त्या म्हणाल्या. “इथे मूळ वर आलंय.”

पलीकडून मासेवाला ओरडला, “माशिमा, भाग्ना एशेछे?” भाचा आलाय वाटतं? काकू आवाजाच्या दिशेने वळून हसल्या आणि हो म्हणाल्या. दादा अंगठा चोळत उभे होते. ते पुण्याबद्दल पुन्हा कधीच बोलले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्या सकाळी नाही बोलले. मग बाजार होईपर्यंत हात काकूंनीच धरला होता.